रात्रीचा टेप बॅकअप सकाळी अकरापर्यंत रखडतो? ड्राइव्ह बदलायच्या आधी हे वाचा

दर डिसेंबरला आमच्याकडे एकच रडगाणं. रात्री दहाला सुरू झालेला टेप बॅकअप एरवी पहाटे तीनच्या आत आटपतो, तोच डिसेंबरात सकाळी अकरा वाजले तरी चालूच, तोवर लोक ऑफिसात येऊन बसलेले, सर्व्हर जाम आणि सगळे माझ्या टेबलापाशी. तीन वर्षं हेच झालं. पहिल्या वर्षी केबल बदलली, दुसऱ्या वर्षी क्लीनिंग टेपा झिजवल्या, तिसऱ्या वर्षी नवीन ड्राइव्हचं कोटेशन मागवलं आणि सही व्हायच्या आदल्या दिवशी सहज म्हणून एक टेस्ट मारली तं ड्राइव्ह ठणठणीत निघाला. म्हणून हे लिहून ठेवतोय, कुणाचे तरी पैसे वाचतील.

डिसेंबरच काहून? तं हिवाळी अधिवेशन. आमचं काम ड्रोन सर्व्हे आणि जुन्या नकाशांच्या स्कॅनचं, परसोडीच्या आयटी पार्कात छोटंसं ऑफिस आहे. अधिवेशन लागलं की कुठंतरी लक्षवेधी लागते, मग तिकडून फोन, मग आमच्या क्लायंटला फोन, आणि मग रात्री साडेनऊला मला फोन की भाऊ चार वर्षांपूर्वीचे अमुक गावचे फोटो पाहिजेत, आजच्या आज. ते फोटो अर्थातच टेपवर. म्हणजे ज्या वेळी टेपवर लिहायचं त्याच वेळी टेपवरून वाचायची मागणी. पण हे कनेक्शन डोक्यात यायलाच तीन वर्षं गेली, कारण आपल्याकडे मशीन बिघडलं की पहिला दोष उन्हाला द्यायची सवय, आणि डिसेंबरात तीही सोय नाही.

आधी सेटअप सांगतो. एलटीओ-८ चा (एलटीओ म्हणजे बॅकअपच्या चुंबकीय टेपांचं स्टँडर्ड, ८ ही त्याची पिढी) एक हाफ-हाइट, म्हणजे कमी उंचीचा ड्राइव्ह, २४ स्लॉटची लायब्ररी (टेपा ठेवायची आणि रोबोटनं बदलायची पेटी), लिनक्स, आणि टार (बऱ्याच फाइलींचं एक गाठोडं बांधणारा प्रोग्रॅम) व एमटीएक्स (रोबोटला टेप बदलायला सांगणारा) वापरून घरीच लिहिलेली स्क्रिप्ट. रोजचा नवा डेटा साधारण दीड टीबी. या ड्राइव्हचा कॉम्प्रेशनशिवायचा वेग सेकंदाला ३०० एमबी आहे, म्हणजे हिशोबानं दीड टीबीला दीड तासही लागायला नको. आम्हाला एरवी पाच तास लागायचे आणि आम्ही खुश होतो! दीड टीबी भागिले पाच तास, सेकंदाला ८३ एमबी. डिसेंबरात तेरा तास, म्हणजे ३२ एमबी. हा भागाकार मी पहिल्या वर्षी केला असता तं पुढचं काहीच झालं नसतं. दुखणं बारा महिने होतं, डिसेंबरात फक्त ताप चढायचा.

आता ८३ वाईट काहून ते बघा. टेप ड्राइव्ह हार्ड डिस्कसारखा पाहिजे तेवढा हळू चालू शकत नाही. त्याला खालची मर्यादा असते, एलटीओ-८ मध्ये ती मॉडेलप्रमाणे सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या घरात. त्याच्या वर आणि ३०० च्या खाली डेटा आला तर ड्राइव्ह आपला वेग जुळवून घेतो, गियर बदलल्यासारखा. पण डेटा त्या खालच्या मर्यादेपेक्षाही हळू आला की आतला बफर (डेटा थोडा वेळ साठवायची मेमरी) रिकामा होतो, लिहायला काही उरत नाही आणि टेप मात्र सेकंदाला दोनेक मीटरनं पळतच असते. मग ती थांबवायची, मागं घ्यायची, पुन्हा वेग द्यायचा आणि जिथं सोडलं तिथून बरोबर पुढं लिहायचं. याला शू-शायनिंग म्हणतात, बूटपॉलिशवाला कापड पुढं-मागं ओढतो तसं. दर खेपेला दोन-चार सेकंद जातात आणि टेप-हेड दोन्ही घासतात ते वेगळंच.

नागपूरकरांना सोपं करून सांगायचं तर डायमंड क्रॉसिंगवर कोळशाची मालगाडी आठवा. ती चालत राहिली तर तिच्यासारखी स्वस्त वाहतूक नाही, पण सिग्नलला थांबवली की पुन्हा हलून वेग घेईपर्यंत मागच्या तीन गाड्या लेट. टेप ड्राइव्ह म्हणजे ती मालगाडी, आणि आम्ही तिला ऑटोसारखं वापरत होतो, हात दाखवला की थांब.

टेपची लांबी पण लक्षात घ्या. एलटीओ-८ ची टेप ९६० मीटर, आणि ती भरायला या टोकापासून त्या टोकापर्यंत २०८ फेऱ्या लागतात, नागमोडी, जाताना लिहायचं येतानाही लिहायचं. म्हणजे एक १२ टीबीची टेप पूर्ण भरली की हेडखालून जवळपास २०० किलोमीटर टेप सरकलेली असते, नागपूरहून अमरावती ओलांडून पुढं. हे सगळं न थांबता झालं तर साधारण अकरा तास लागतात. आता यात मध्येच कुणी म्हणालं की जरा मागं जाऊन एक फाइल वाचून ये, तर काय होत असेल?

तर ती टेस्ट. एक रिकामी टेप घ्या, जिच्यावर काहीच नाही अशी, कारण टेपवर मध्ये कुठंही लिहिलं की त्याच्या पुढचं सगळं गेलं समजा. मेमरीमध्ये वीस-तीस जीबीची रँडम डेटाची फाइल बनवा आणि ती डीडी या कॉपी करायच्या कमांडनं मोठा ब्लॉक (एका वेळी लिहायचा तुकडा) ठेवून थेट टेपवर चार-पाच वेळा लिहा. शून्यांची फाइल वापरू नका, ड्राइव्ह शून्यं कॉम्प्रेस करून टाकतो आणि भलताच भारी वेग दिसतो, मी आधी तोच मूर्खपणा करून सरांना स्क्रीनशॉट पण पाठवला होता. रँडम डेटानं मला २९० च्या वर वेग मिळाला. म्हणजे ड्राइव्ह, केबल, कार्ड सगळं बरोबर, आणि गडबड त्याच्या अलीकडं, म्हणजे डेटा ड्राइव्हपर्यंत पोचतो त्या वाटेत. तुमची टेस्ट पण अशीच आली तर कोटेशन फाडून टाका. आणि मेमरीतून लिहूनही वेग पडला, तोही वेगवेगळ्या टेपांवर, तर मात्र हार्डवेअरवाल्या भाऊलाच बोलवा, हा लेख तुमच्या कामाचा नाही.

अलीकडं बघितलं तर तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, नेटवर्क. बॅकअप सर्व्हर एक गिगाबिटवर होता. त्यातून प्रत्यक्ष सेकंदाला ११०-११५ एमबी येतात, ते पण लाइन मोकळी असेल तेव्हा, म्हणजे ड्राइव्हच्या खालच्या मर्यादेला जेमतेम टेकतो. त्यात डेटाबेसचे डंप असले तर आणखीच पंचाईत, कारण ड्राइव्ह ते निम्म्यावर दाबतो, म्हणजे टेप पळती ठेवायला त्याला दुप्पट डेटा पाहिजे. आणि पाठवणाऱ्या मशीनवर एका कोअरवर जीझिप (डेटा दाबायचा प्रोग्रॅम) लावून ठेवलं असेल तर गिगाबिट पण भरत नाही. आम्ही तिथं त्याहून वेगवान झेडस्टँडर्ड लावलं, आणि फोटोंना कॉम्प्रेशन लावणंच बंद केलं, जेपीईजी अजून काय दबणार.

दुसरी, रिस्टोरची, म्हणजे टेपवरून फाइल परत काढायची स्क्रिप्ट, आणि ही मीच लिहिलेली. कुणी फॉर्म भरला की रिस्टोरला प्राधान्य: चालू असलेला टार संपला की बॅकअप थांबव, लिहायची टेप काढ, जुनी टेप लाव, फाइल वाच, ती टेप काढ, पुन्हा लिहायची टेप लाव, शेवटापर्यंत जा आणि पुढं लिही. लिहिताना मला फार अभिमान होता याचा. एका खेपेचा हिशोब मांडला तेव्हा उतरला. टेप मागं गुंडाळायला मिनिटभर, काढून दुसरी लावायला रोबोटला आणि ड्राइव्हला मिळून मिनिटभर, हव्या त्या जागी पोचायला सरासरी मिनिटभर, आणि हेच सगळं परत येताना. पाच-सहा मिनिटं कुठंच गेली नाहीत. दोन जीबीची फाइल वाचायला किती? सात सेकंद. सात सेकंदांसाठी सहा मिनिटं, आणि रात्रीला अशा वीस-पंचवीस मागण्या.

तिसरी सगळ्यात छुपी. रिस्टोर झालेल्या फाइली मी ज्या हार्ड डिस्कवर उतरवत होतो, त्याच डिस्कवरून बॅकअपचा डेटा टेपला जात होता. ७२०० आरपीएमची डिस्क एकटीनं सलग वाचताना दोनशेच्या आसपास देते, पण तिच्यावर एकाच वेळी कुणी लिहितंय, कुणी वाचतंय, आणि वरून क्लायंटचा माणूस तिथूनच कॉपी करतोय, की तिचा वेग पन्नासच्या खाली जातो आणि टेप पुन्हा बूटपॉलिश. रिस्टोर संपल्यानंतरही तासभर बॅकअप का रखडतो याचं उत्तर इथं होतं.

उपाय म्हणून पहिल्यांदा मी जे केलं ते चुकीचं होतं, तेही सांगतो कारण तुम्हालाही तेच सुचेल. वेळ वाटून दिली. अर्धा तास लिहायचं, अर्धा तास वाचायचं. ऐकायला न्यायाचं वाटतं, पण वाचायच्या अर्ध्या तासात एकच मागणी असली तर ड्राइव्ह पंचवीस मिनिटं बसून राहतो, आणि लिहायच्या अर्ध्या तासात डेटा गिगाबिटनं झिरपत आला तर शू-शायनिंग आहेच. ड्राइव्हला घड्याळानं काम देऊन चालत नाही, साठलेल्या कामाच्या आकारानं द्यावं लागतं.

म्हणून लिहिण्यासाठी मध्ये एसएसडी टाकली. आरशासारख्या दोन, कारण टेपवर जाईपर्यंत तो डेटा फक्त तिथंच असू शकतो आणि एक गेली तर गेलंच. सगळी मशीनं रात्रभर आपापल्या वेगानं या एसएसडीवर टाकत राहतात, कितीही हळू टाका, काही फरक नाही. टेप लागते ती पुरेसा डेटा साठल्यावरच. पुरेसा म्हणजे किती, याचा माझा हिशोब असा: टेप लावून शेवटाला जायला आणि नंतर काढायला मिळून तीन मिनिटं वाया जातात असं धरा, तर निदान अर्धा तास तरी सलग लिहायला मिळालं पाहिजे, आणि अर्धा तास गुणिले ३०० एमबी म्हणजे ५४० जीबी. आम्ही अर्धा टीबी ठेवलं. अर्धा टीबी जमलं की टेप लावायची, एसएसडी जवळजवळ रिकामी होईपर्यंत एका दमात लिहायचं, आणि सोडायची. पहाटे पाचला मात्र जे काही असेल ते लिहायचं, साठा कमी असला तरी, नाहीतर शनिवारचा डेटा सोमवारपर्यंत टेपवरच जायचा नाही.

बकुला किंवा बरेओस ही बॅकअपची तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे सगळं हातानं करायची गरज नाही, तिथं डेटा स्पूलिंग (आधी डिस्कवर साठवून मग टेपवर) आहेच, फक्त चालू करून स्पूलची साइझ नीट द्यायची. अमांडा या तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी होल्डिंग डिस्क. आमच्यासारखे टारवाले असाल तर टार आणि टेपच्या मधे एमबफर हा बफरचा प्रोग्रॅम लावा. त्यात मोठ्या पीचा पर्याय ८० दिला की बफर ८० टक्के भरल्याशिवाय तो टेपकडं लिहायला सुरुवातच करत नाही. काही जीबी रॅम त्याला द्या, छोटे हिसके तिथंच पचतात. मोठे नाही पचत, त्याला एसएसडीच लागते.

वाचण्याच्या बाजूला रांग. मागणी आली की लगेच पळायचं नाही, नोंद करायची आणि टेपच्या बारकोडप्रमाणे लावायची. पंचवीस मागण्या बहुतेक वेळा तीन-चार टेपांवरच्याच निघतात, म्हणजे पंचवीस वेळा टेप बदलण्याऐवजी चार वेळा. मग एका टेपवरच्या फाइली त्यांच्या सुरुवातीच्या ब्लॉक नंबरप्रमाणे लावायच्या. टार असेल तर तुमच्या यादीत तो नंबर लिहून ठेवा, लिहितानाच, एमटी या टेपच्या कमांडला टेल विचारलं की तो सांगतो. एलटीएफएस (टेप फोल्डरसारखी उघडून दाखवणारी पद्धत) वापरत असाल तर प्रत्येक फाइलला स्टार्टब्लॉक नावाचा गुणधर्म असतो तो वाचता येतो, आणि ऑर्डर्ड कॉपी नावाचं टूल सोबत मिळतं ते हेच काम करतं. फोल्डर उघडून माऊसनं ओढून कॉपी करू नका बाप्पा, फाइली नावाप्रमाणे मागितल्या जातात आणि टेप इकडून तिकडं धावत सुटते. टेप नागमोडी असल्यामुळं ब्लॉक नंबरनं जवळ ते प्रत्यक्षात जवळ असं दरवेळी नसतं, खरा सोयीचा क्रम ड्राइव्हलाच माहीत असतो आणि एलटीओ-९ च्या पिढीपासून तो विचारायची सोयही आली आहे, पण ब्लॉक नंबरचा क्रम लावला तरी नव्वद टक्के त्रास संपतो.

आता दोन्ही रांगा एकाच ड्राइव्हवर. नियम एकच ठेवला, चालू फेरी पूर्ण झाल्याशिवाय बाजू बदलायची नाही. लिहिण्याची फेरी संपली की वाचायची रांग बघायची, काही असेल तर पूर्ण रांग एका फेरीत, मग पुन्हा लिहिणं. पण फक्त एवढ्यावर सोडलं तर एकटी मागणी कधीकधी रात्रभर लटकते, म्हणून एका मागणीनं जास्तीत जास्त दोन तास थांबायचं असं बांधून दिलं. दोन तास झाले की ती एकटी असली तरी पुढच्या फेरीचा नंबर तिचा. उलट्या बाजूनंही तसंच, एसएसडी ८५ टक्के भरली की वाचायची रांग कितीही मोठी असो, आधी लिहायचं, कारण ती पूर्ण भरली तर सगळ्यांचे बॅकअप अडतात.

लोकांना हे पटवणं टेपपेक्षा अवघड गेलं. साहेब म्हणाले, "दोन तास? आधी तर दहा मिनिटांत मिळत होतं बे!" मिळत होतं, पहिल्याला. पंचविसाव्याला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळत होतं आणि तो माझ्या टेबलापाशी यायचा. आता शेवटच्यालाही दोन-अडीच तासांत मिळतं हे एका आठवड्याच्या लॉगवरून दाखवलं तेव्हा गप्प झाले. एक इमर्जन्सीचं बटन दिलंय, पण त्यालाही चालू फेरी तोडता येत नाही, आणि ते दाबायला मला फोन करावा लागतो. फोन करायचा म्हटलं की निम्म्या इमर्जन्सी आपोआप संपतात.

सगळ्यात जास्त फायदा मात्र एका फुकटच्या गोष्टीनं झाला. वाचून झालेली फाइल वेगळ्या डिस्कवर पंधरा दिवस तशीच ठेवायची. ज्यानं सोमवारी फोटो मागितले तोच बुधवारी परत मागतो, कारण पेनड्राइव्ह घरी राहिला. अधिवेशनाच्या काळात तीच चार-पाच गावं फिरून फिरून येतात. टेपला हात न लावता भागलेली मागणी हीच सगळ्यात वेगवान.

आता जरा खोलातलं, कारण इथं खरं तारेवरचं चालणं आहे. लिहिणं वेगवान करायला बरेच जण आठ-दहा मशीनचा डेटा एकाच वेळी मिसळून टेपवर टाकतात, त्याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. लिहिताना मस्त, एक मशीन हळू असलं तरी बाकीची भर घालतात आणि टेप पळत राहते. पण वाचायच्या दिवशी एका मशीनचा डेटा आठांत विखुरलेला सापडतो, १०० जीबी काढायला ८०० जीबीवरून जावं लागतं. पूर्ण सर्व्हर परत उभा करायची वेळ आली तर तेव्हा घाम फुटतो. मध्ये एसएसडी असेल तर या मिसळण्याची गरजच राहत नाही, प्रत्येक जॉब डिस्कवर आपापला साठतो आणि टेपवर मोठ्या सलग तुकड्यानं जातो. आम्ही त्याच्याही पुढं जाऊन तालुक्याप्रमाणे गोळा करून लिहितो, कारण मागणारे तालुक्याप्रमाणे मागतात. लिहिताना दहा मिनिटं जास्त, वाचताना तास वाचतो.

टार किती मोठा हाही तसाच प्रश्न. छोट्या छोट्या फाइली एकेक करून टाकल्या तर दर फाइलीनंतर फाइलमार्क (फाइल संपल्याची खूण), आणि दर फाइलमार्कला ड्राइव्ह बफर रिकामा करायला थांबतो. सगळा प्रोजेक्ट एका टीबीच्या टारमध्ये कोंबला तर एका फोटोसाठी तासभर वाचत बसा. आम्ही २० जीबीवर स्थिरावलो. सगळ्यात वाईट वेळी पूर्ण २० जीबी वाचावे लागले तरी सव्वा मिनिटाच्या आत होतात. आत काय आहे त्याची यादी टेपवर न ठेवता डिस्कवर ठेवा, आणि यादीचा बॅकअप वेगळा.

ब्लॉक साइझ बघा. टारचा मूळ ब्लॉक १० केबीचा असतो, तो टेपसाठी फार लहान. ब्लॉकिंग १०२४ दिलं की ५१२ केबी होतो, आम्ही तोच ठेवला. वाचताना पण तोच द्यायचा, नाहीतर मेमरी मिळत नाही असा एरर येतो आणि माणूस रॅम वाढवायला धावतो, आमच्या इथं एक जण खरंच धावला होता. आणि लिनक्समध्ये टेप ड्राइव्हची दोन नावं असतात, त्यातलं एनएसटी वापरा, एसटी नाही. एसटी काम झालं की टेप गुपचूप सुरुवातीला गुंडाळून ठेवतो आणि पुढचा जॉब मागच्यावर लिहितो. यात एकदा आमचा एक आठवडा गेला आहे, जास्त बोलत नाही.

व्हेरिफायचं पण सांगतो. रोज रात्री लिहून झालं की पूर्ण टेप वाचून तपासायची पद्धत होती. ड्राइव्ह लिहितानाच मागच्या हेडनं वाचून तपासत असतो, त्यामुळं रोज पूर्ण वाचणं म्हणजे दुप्पट वेळ आणि दुप्पट घासणं. आता चेकसम (डेटा बदलला का ते सांगणारा आकडा) लिहिण्याआधी एसएसडीवरच काढतो, आणि महिन्यातून एकदा वेगवेगळ्या टेपांवरून काही टार रिस्टोर करून ते जुळवतो. पूर्ण बंद करू नका, कधीच न वाचलेला बॅकअप हा बॅकअप नसतो.

क्लीनिंगबद्दल, ड्राइव्हनं मागितलं तरच. क्लीनिंग टेप साधारण पन्नास वेळा चालते आणि ती मुळात खरखरीत असते, वेग वाढेल म्हणून रोज फिरवली तर हेडच झिजतं. आमच्या ड्राइव्हनं खरंच वारंवार क्लीनिंग मागितलं ते एका मे महिन्यात. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि वॉचमन काकांनी चांगल्या मनानं बाहेरचा कूलर आत आणून रॅकसमोर लावला. डेझर्ट कूलर, ओल्या ताट्या, खोली बंद. हवा गार झाली पण दमट, वरून ताट्यांची धूळ. टेपा ठेवायला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात, त्या खोलीत दोन दिवस पावसाळा होता. कूलर काढला, तक्रार गेली. उन्हाळ्यात बाहेरून आलेली टेप पण लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, गाडीच्या डिक्कीतून आलेली असेल तर एक दिवस खोलीत पडू द्या.

मागच्या वर्षी दुसरा ड्राइव्ह घेतला, पण हे सगळं बसवल्यानंतर. दिवसा एक फक्त वाचतो, रात्री दोन्ही लिहितात, आणि वाचायची रांग वाढली की एक मोकळा होतो. घेताना एक गणित आधी करा: दोन ड्राइव्ह म्हणजे सेकंदाला ६०० एमबी वाचून द्यायचे आणि त्याच वेळी नवीन डेटा उतरवून पण घ्यायचा. साटा या जुन्या जोडणीवरची एसएसडी साडेपाचशेच्या पुढं जात नाही. आम्ही ड्राइव्ह लावला, पहिल्या रात्री दोन्ही मिळून पुन्हा शू-शायनिंगची खर्र-खट्ट सुरू झाली, आणि मग त्याहून वेगवान जोडणीची एनव्हीएमई एसएसडी मागवली.